कणसरीचा भात आणि करिंथचं पत्र

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरात माणसं चार आणि जेवणं तीन तऱ्हेची होती. चुलीवर मोठ्या तपेल्यात नवा भात शिजायचा, तो मी आणि बा खायचो. बाजूच्या वैलावर एका लहान पातेल्यात रेशनचा तांदूळ शिजायचा, तो माझा मोठा भाऊ रमेश खायचा. आणि हे दोन्ही भात जिने शिजवले ती आई तव्यावर स्वतःसाठी नागलीची भाकर टाकून घ्यायची. कोणी कोणाशी भांडलेलं नव्हतं. उलट सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायचे. आई दादाला विचारायची, मीठ बरोबर आहे ना. दादा आईला म्हणायचा, भाकर छान फुगली आहे. बा मधे बसून एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायचा आणि उडदाच्या डाळीला म्हणायचा, तू तरी सगळ्यांच्या पानात जातेस, बरं आहे तुझं.

हे मी लिहिते आहे माझ्या मुलीच्या जुन्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. ती यंदा चौथीत आहे. माझं शिक्षण तिथेच थांबलं, त्यामुळे पुढच्या वर्षी ती माझ्यापेक्षा शिकलेली होणार, आणि मग हे वाचून चुका काढणार. म्हणून यंदाच लिहून टाकते. तेव्हा मी अठरा-एकोणीसची असेन. लग्न ठरायचं होतं. आमचा पाडा डहाणूकडून तलासरीकडे जाताना उजव्या हाताला चढावर, सात घरांचा. कुडाच्या भिंती, मागे भाताची खाचरं, पुढे खळं. आई आणि मी चिकूच्या वाडीत मजुरीला जायचो. दादा बारावी झाला होता आणि राज्याच्या सरहद्दीपलीकडच्या एका कंपनीत प्लास्टिकच्या बादल्या बनवायला जायचा. तिथल्या एका जोडीदारामुळे तो रविवारी तलासरीच्या प्रार्थनेला जाऊ लागला, आणि आधीच्या उन्हाळ्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. घरात त्यावरून काही आकांत झाला नाही. आई एवढंच म्हणाली की दारू सुटली असेल तर तुझा देव चांगला आहे, फक्त त्याला सांग की पोराला शेतावरही पाठव.

प्रार्थना एका शिंप्याच्या घरी, ओटीवर व्हायची. शिलाईची दोन यंत्रं भिंतीला सरकवायची, खाली प्लास्टिकच्या चटया टाकायच्या. मी दादाबरोबर जायचे ती गाण्यांसाठी. माझा अजून कुठलाच देव पक्का झाला नव्हता, पण ढोलकी चांगली वाजायची. मी उंबऱ्यापाशी, चपलांच्या शेजारी बसायचे. सव्वा वर्ष मी जात होते, पण गाणं सोडून माझ्या तोंडातून तिथे एक शब्द निघाला नाही. कोणी काही विचारलं की माझे कान तापतात आणि जीभ टाळ्याला चिकटते. आजही तसंच आहे. भाजीवाल्याने जुनी वांगी दिली तरी मी घेऊन येते.

गाणी झाली की गुरुजी शिकवायचे. हे गुरुजी वाणगावचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, डहाणूपर्यंत गाडीने आणि पुढे टमटममध्ये दाटीवाटीने बसून यायचे. शर्टाची वरची गुंडी लावलेली, चष्म्याला काळा दोरा. तरुणपणी कुठल्याशा बायबल शाळेत ते ग्रीक भाषा शिकले होते, आणि त्या वेळची एक वही साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून जवळ ठेवायचे. शिलाईच्या यंत्रावर एका बाजूला मराठी बायबल, दुसऱ्या बाजूला ती वही. त्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. चिठ्ठी हातात आली की आधी पाकीट बघावं. कोणी लिहिली, कोणाला लिहिली, त्या गावात तेव्हा काय चाललं होतं. हे बघितलं नाही तर दुसऱ्याच्या घरचं पत्र उघडून आपल्याच घरात भांडण लावून घ्याल.

दादाने पाकीट बघण्याआधीच पुष्कळ उद्योग केले होते. एकदा त्याने वाचलं की येशूने शिष्यांना पाठवताना वाटेत कोणाला नमस्कार करू नका असं सांगितलं. झालं. सोमवारपासून दादा पाड्यावरून खाली सडकेला जाताना कोणाकडे बघेना. काका समोरून आले, दादा मान खाली घालून पुढे. शेजारच्या वहिनीने विचारलं, तरी तोच प्रकार. चार दिवसांत पाड्यावर बातमी झाली की रम्याची दाढ सुजली आहे, आणि काका लवंग घेऊन घरी आले. रविवारी हे कळल्यावर गुरुजी इतके हसले की चष्मा दोऱ्यावर लोंबायला लागला. मग त्यांनी समजावलं की त्या देशात वाटेत कोणी भेटलं की खाली बसायचं, घरच्या सगळ्यांची, गुराढोरांची चौकशी करायची, त्यात अर्धा दिवस जायचा, आणि या शिष्यांना घाईचं काम होतं. दादा म्हणाला, असंच आमच्या काकांचं आहे, तंबाखूची डबी निघाली की दुपार होते. गुरुजी म्हणाले, मग तू कामाला जाताना डबीपाशी थांबू नको, पण हात जोडायला काय जातं.

माझंही त्यांनी नुकसान केलंच. बायकांनी सभेत गप्प राहावं अशी एक ओळ आहे, आणि ती मला फार आवडायची. पुष्कळ बायकांना तिचा राग यायचा, पण मला वाटायचं की कोणीतरी खास माझ्यासाठीच ती लिहून ठेवली आहे. एका रविवारी गुरुजींनी दाखवलं की ते करिंथ नावाच्या गावच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, तिथे सगळे एकदम बोलून गलका करायचे, आणि त्याच पत्रात थोडं आधी बायका मोठ्याने प्रार्थना करतात असंही आहे, आणि तिथे कोणी त्यांना गप्प करत नाही. बाकीच्या बायका खूश झाल्या. मी चपला नीट लावत बसले. माझा आधार गेला.

आता भाताचं सांगते. आमच्या पाड्यावर कापणी, झोडणी झाली की नवा भात कणसरीला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. कणसरी म्हणजे धान्याची देवी. घरातल्या कणगीपाशी सारवून, दिवा लावून, सागाच्या पानावर नवा भात, चवळी आणि काकडीच्या फोडी ठेवायच्या. मग घरातली मोठी बाई सगळ्यांना वाढते. वाढताना प्रत्येकाच्या पानावर पहिला घास टाकते आणि म्हणते, “कणसरीचं हाय, खा.” आमच्या आजीची सासू असंच म्हणायची, आजी म्हणायची, आई म्हणते. आणि आमच्या घरची आणखी एक रीत अशी की लेकरांनी नवं खाल्ल्याशिवाय आई नवं खात नाही. लेकरू केवढं मोठं हा प्रश्न येत नाही.

त्या वर्षी कोसबाडच्या शेतकी केंद्रातून आणलेलं बियाणं लावलं होतं आणि भात असा आला होता की बा दोनदा उगाचच खळ्यावर जाऊन बघून यायचा. नव्या तांदळाचा वास वेगळा असतो, ओल्या गवतासारखा आणि दुधासारखा. तो चटकन चिकट होतो, त्याचं पाणी बेताने ठेवावं लागतं. त्या दिवशी दुपारी आम्ही चौघं पानांवर बसलो. आईने दादाच्या पानावर घास टाकला, म्हणायचं ते म्हणाली. दादाने हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. मग हळू आवाजात सांगितलं की त्याच पत्रात, करिंथच्या पत्रात, लिहिलं आहे, कोणी समोर वाढलं तर चौकशी न करता खावं, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नये. आई म्हणाली, बरं. दादाचं पान उचललं, कोंबड्यांना घातलं, आणि स्वतःसाठी नागलीचं पीठ मळायला बसली.

आईचं वय झालेलं होतं आणि नागली तिला सोसत नव्हती. पोट दुखायचं, पण बोलायची नाही. वाडीत दुपारी चिकूच्या झाडाखाली पोटाला हात लावून बसायची. मी विचारलं तर म्हणायची, सवय होईल. दादाने दोनदा विनवलं, तू खा, माझ्यासाठी थांबू नको. ती म्हणायची, मी कुठे थांबलेय, मला भाकर आवडते. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं की तिला भाकर आवडत नाही.

शेवटी बाने तोड काढली. दादाला सांगितल्यावर चालत नाही, तर सांगायचंच नाही. आईने फक्त वाढायचं, तोंड उघडायचं नाही, दादाने विचारायचं नाही, पत्राचंही राहिलं आणि भाताचंही. दादालाही ते पटलं, कारण पत्रात तसंच होतं. आई म्हणाली, त्यात काय अवघड आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पानं मांडली. आईने बाला वाढलं, गप्प. मला वाढलं, गप्प. आम्ही तिघं श्वास धरून बसलो होतो. दादाच्या पानावर घास पडला. आईचे ओठ हलले, तिने ते दाबून धरले, वळून तपेल्यावर झाकण ठेवलं. दादाने घास उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि पाठमोरी असलेली आई झाकणाला म्हणाल्यासारखी म्हणाली, “कणसरीचं हाय, खा.”

दादाने घास खाली ठेवला. बाने कपाळाला हात लावला. आई आमच्याकडे बघून इतकी ओशाळली की मला हसू आलं आणि रडूही. तोंडातून गेलंच, म्हणाली. त्या दिवसापासून ती दादाला वाढताना पदराचं टोक दातात धरायला लागली, रेशनचा भात वाढतानासुद्धा.

पुढच्या रविवारी दादाने गुरुजींना सगळ्यांसमोर विचारलं. विचारलं म्हणजे काय, उत्तर त्याने ठरवूनच आणलं होतं, गुरुजींनी फक्त शिक्का मारायचा होता. गुरुजींनी वही पिशवीतून काढली, बराच वेळ पानं उलटली. मग सांगायला लागले. करिंथ हे बंदराचं गाव, देवळं पुष्कळ. बाजारात येणारं मटण बहुतेक देवळातूनच यायचं. गरिबाला मटण मिळायचं ते सणाला, तेही देवळाच्याच दारात. नवे विश्वासणारे घाबरायचे की आपण काय खातो आहोत. म्हणून ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने लिहिलं की बाजारातून आणा, विचारू नका; कोणी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते खा, विचारू नका; पण कोणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. पुढे म्हणाले की त्या पत्रात बाकी ठिकाणी अशा अन्नाला जो ग्रीक शब्द आहे तो जरा हिणवणारा आहे, पण जुन्या हस्तलिखितांत या सांगणाऱ्याच्या तोंडी वेगळा, आदराचा शब्द आहे. म्हणजे हा सांगणारा बहुधा त्या देवाला मानणारा, पाहुण्याशी नीट बोलणारा कोणी असावा. बहुधा, असं ते दोनदा म्हणाले.

दादा म्हणाला, म्हणजे खायचं नाही, तेच मी म्हणतो.

“ओळ तेच म्हणते,” गुरुजी म्हणाले. “मी ती खोडणार नाही. पण खायचं नाही ते कोणासाठी?”

“सांगणाऱ्यासाठी.”

“तुझं मन विटाळेल म्हणून नाही. सांगणाऱ्याचं काही बिघडू नये म्हणून. मग तुझ्या घरी सांगणारी कशी आहे?”

“भाकर खाते,” तो म्हणाला.

गुरुजींनी विचारलं की ती असं का सांगते, त्या शब्दांत तिला काय म्हणायचं असतं. दादा म्हणाला, पूजेचं आहे, हेच. गुरुजी म्हणाले की करिंथच्या माणसाला काय म्हणायचं होतं ते शोधायला मी चाळीस वर्षं ही वही वागवतो, पण तुझ्या आईचं मला ठाऊक नाही आणि वहीतही नाही, इथे कोणाला ठाऊक आहे का.

मला ठाऊक होतं. माझे कान तापले. मी चपलांकडे बघितलं, एक निळी होती, तिचा अंगठा तुटलेला होता, अजून डोळ्यासमोर आहे. चिकूच्या झाडाखाली पोट धरून बसलेली आई दिसली, आणि माझ्या तोंडून निघालं, “नाय गुरुजी. ती लाजणाऱ्याला सांगते.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. पुढचं मी कसं बोलले ते मला आठवत नाही, काय बोलले तेवढं आठवतं. समुद्राकाठच्या वरोरहून एक मासेवाली मावशी सुकट-बोंबील विकायला आमच्याकडे यायची. चढ चढून दमलेली असायची, पण पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. परक्याच्या घरी खायचं म्हणजे त्यांचा उपकार. आई तिच्यापुढे नवा भात ठेवायची आणि म्हणायची, माझा नाय गं, कणसरीचा हाय, खा. मग ती खायची. लस द्यायला आलेल्या नर्सबाईला तेच. मागे भांडून वेगळ्या झालेल्या काकांना, वर्षभर बोलणं नव्हतं तरी, तेच. आईच्या घरचं आहे म्हटलं तर ज्याला घास उतरणार नाही, त्याला ती सांगते की हे माझं नाही, कोणाचंच नाही, वरून आलं आहे, खा. घरच्यांनाही म्हणते, कारण बाला एकदा सहा महिने मजुरी नव्हती आणि तो बायकोच्या कमाईचं खायला लाजत होता, तेव्हा तर ती त्याला रोजच म्हणायची. एवढं बोलून मी पुन्हा चपला लावायला लागले.

आज मला वाटतं, मी अर्धंच सांगितलं. आई कणसरीला मनापासून मानते, नुसतं लाजणाऱ्यासाठी बोलते असं नाही. गुरुजींनाही ते कळलं असणार. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की दोन्ही खरं असेल, माणूस एका वाक्यात दोन गोष्टी ठेवू शकतो, पत्र लिहिणारेही ठेवतात. मी खा असंही सांगत नाही आणि नको असंही नाही. रमेश, घरी जा आणि सांगणाऱ्याकडे बघ. मग त्यांनी आपल्या वहीच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. आणि मला विचारलं, बाळ, तुझं नाव काय. सव्वा वर्षाने.

येताना पाड्याच्या चढावर दादा म्हणाला, तू कधी बघितलंस हे सगळं? मी म्हटलं, मी बोलत नाही ना, म्हणून बघायला वेळ असतो.

घरी जेवायची वेळ झालीच होती. वैलावर त्याचं पातेलं होतं. दादाने ते उतरवून बाजूला ठेवलं आणि पान घेऊन मोठ्या तपेल्यासमोर बसला. आईने त्याच्याकडे बघितलं, बाच्याकडे बघितलं, पदर दातात धरला आणि घास वाढला. तोंड घट्ट मिटलेलं. दादा थांबला.

“आज सांगत नायस?”

आईने पदर सोडला. “तुला चालत नाय ना.”

“सांग.”

तिने पळी तपेल्यात ठेवली. मग नेहमीपेक्षा हळू म्हणाली, “कणसरीचं हाय. खा.”

दादाने डोळे मिटले आणि आपल्या देवाचे आभार मानायला लागला. पावसाचे मानले, जमिनीचे मानले, बाच्या हातांचे, आईच्या हातांचे मानले, ते काही संपेना. आईने मला डोळ्याने खूण केली आणि म्हणाली, “तुझ्या देवाला थोडक्यात सांग रे, भात निवतो.” दादा डोळे मिटूनच हसला, आमेन म्हणाला आणि खाल्लं. आईने लगेच आपलं पान मांडलं नाही. त्याचा दुसरा घास गेला, तिसरा गेला, तेव्हा ती बसली. पहिला घास चावून चावून खाल्ला आणि म्हणाली, गेल्या वर्षीचा जास्त गोड होता. बाने तिच्या पानात आणखी वाढलं.

दादा अजून प्रार्थनेला जातो, आणि दर वर्षी नव्या भाताला घरी असतो. आई दर वर्षी म्हणते, तो दर वर्षी लांबलचक आभार मानतो, भात दर वर्षी निवतो. मी लग्न होऊन वाणगावकडे आले, मिरचीच्या वाडीत. गुरुजी आता आपल्या मुलाकडे राहायला गेलेत. त्यांच्या वहीच्या कडेला काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही. कशी विचारणार.

त्या दिवशी जेवताना दादाने आईला सगळं सांगितलं होतं. करिंथचं बंदर, देवळातलं मटण, दोन ग्रीक शब्द. आईने सगळ्याला मान डोलावली, सगळं तिला खरं वाटलं. मग तो म्हणाला की शेवटी हिनेच सांगितलं, भर सभेत, सगळ्यांसमोर. आईने माझ्याकडे बघितलं. मी भातात बोट फिरवत होते.

“ही?” आई म्हणाली. “खोटं.”

आणि ते तिने आजपर्यंत मानलेलं नाही.